झिराडकरबाईंचा अर्धा लिहिलेला फळा

"...झिराडकर चालले म्हणे इस्रायलला, कायमचे. हॉल दिला विकून. आणि आता तिथं निघणार आहे—"

एवढं बोलून काकासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं, कारण नेमका तेव्हाच समोरच्या गिरणीचा पट्टा धडधडायला लागला. पट्टा सुरू झाला की आमच्या गल्लीत शेजारच्याचंही ऐकू येत नाही. दळणाचे डबे घेऊन चार बायका उभ्या होत्या. त्यांनी पुढचं आपापल्या सोयीनं ऐकलं. एकीनं 'दारूचं दुकान' ऐकलं. दुसरीनं 'मंगल कार्यालय'. तिसरीला मुळातच ऐकू कमी येतं, तिनं "व्हय का!" म्हणून गालावर हात ठेवला. चौथी तर डबा तिथंच सोडून घरी सांगायला पळाली.

या अफवेचा बाप कोण, असं विचाराल तर तो मी.

मी फळा. नगरच्या एका गल्लीत, ज्यू समाजाच्या जुन्या प्रार्थना हॉलबाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर टांगलेला. हॉलात आता चित्रांचं दालन आहे, आणि पुढं कुठली प्रदर्शनं येणार ते माझ्या अंगावर खडूनं लिहितात. दिवसभर लोकांची तोंडं माझ्याकडं असतात, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय हे मला आपसूक कळतं. लोक याला चांभारचौकशी म्हणतात. मी तर म्हणतो, भिंतीवर टांगलेल्यानं दुसरं करायचं तरी काय?

जन्मानं मी दरवाजा. राहुरीच्या कानिफनाथ सुतारानं मला एका नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांसाठी बनवलं. सागाचा, जाडजूड, बिजागऱ्यांसकट. मास्तरांनी घर कुठं बांधलं, तर शनिशिंगणापूरला. मला बैलगाडीतून उतरवताच गाव गोळा झालं. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, हे काय आनलंय? आमच्याकडं दाराला दार न्हाई लावत." मास्तर वरमले, गाडी वळली, आणि मी बिनलग्नाचा माघारी आलो. सुताराच्या अंगणात दोन पावसाळे काढले. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

तिथून मला आणलं सिम्हाबाई झिराडकरांनी. बाई म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. ठेंगण्या, नऊवारीतून पाचवारीत उशिरा आलेल्या, कपाळावरचं आठ्यांचं जाळं कधी न सुटणारं. त्यांनी बिजागऱ्या काढल्या, मला काळा रंग दिला आणि म्हणाल्या, "उघडझाप करण्यापेक्षा हे बरं. गप उभं राहायचं आणि लोकांना खरं सांगायचं."

दोन्ही जमलं नाही, ते पुढं येईलच.

झिराडकर मंडळी बेने इस्रायल. ज्यू, पण 'भाकरी करपली गं' हे आपल्यासारखंच म्हणणारी. एकेकाळी त्यांची या भागात वीसेक घरं होती. मग एकेक करत माणसं इस्रायलला गेली. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. नऊ झाले तरी चालत नाही. इथं मोजून सात उरले, त्यात एक गुडघ्यानं अडलेला. धर्मग्रंथाची गुंडाळी मानानं पुण्याला पाठवली, आणि हॉल नुसता भिंती बघत बसला. तेव्हा बाईंनी खिळे ठोकायला घेतले. त्यांचे धाकटे दीर एलायजाभाऊजी दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, हे काय?"

"प्रार्थनेला दहा लागतात, भाऊजी. चित्र बघायला एक आला तरी पुरतो."

असं दालन सुरू झालं. समाजाचंच, पण भिंती सगळ्यांना मोकळ्या. उद्घाटनाला बाई ओलं खोबरं घातलेले गोड पोहे करतात, त्यामुळं कलेला गर्दी बरी होते. मागं राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी हरभऱ्यावरचे रोग जलरंगात काढून लावले होते. शेतकरी चपला काढून आत आले आणि चित्रासमोर उभं राहून औषध कोणतं मारायचं ते विचारू लागले. प्राध्यापक खूश. बाई म्हणाल्या, "अळीचा हिरवा अजून जरा खाली यायला हवा होता." त्यांचं कौतुक एवढंच असतं.

एलायजाभाऊजी एसटीत कंडक्टर होते. पाथर्डीच्या गाडीवर अर्धी उमर गेली. विधुर माणूस, एकुलता मुलगा तिकडं इस्रायलात, अश्दोदला. आवाज असा, की हॉलात सात माणसं असली तरी सवयीनं म्हणायचे, "पुढं सरका, पुढं जागा आहे." निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटला नव्हता. ते आणि बाई, हे दोघंच हॉलाचे विश्वस्त. काही करायचं तर दोघांची सही लागते.

आता समोरची लंकाबाई. गिरणी तिची. सातवीपर्यंत शिकलेली, पण गल्लीत कुणाच्या घरी कोणतं पत्र आलं हे पोस्टमनच्या आधी तिला कळतं. शनिवारी ती झिराडकरांचा उजवा हात. बाई शब्बाथ कडक पाळतात, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत काम बंद. लिहायचं नाही, खोडायचं नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. दुसऱ्याला दाबायला सांगायचंही नाही. म्हणून बाई दारात येतात आणि वर बघत, कुणालाच न उद्देशून म्हणतात, "आज अंधार लवकर झाला बाई." लगेच लंकाबाई पिठाचे हात पुसत येते, बटण दाबते आणि म्हणते, "आपोआपच लागला बगा." दहा वर्षं हे नाटक चाललंय, आणि दोघींपैकी एकीनंही हसू बाहेर पडू दिलेलं नाही.

तर त्या मार्चातल्या शुक्रवारची गोष्ट.

आदल्या दिवशी अश्दोदहून जाड पाकीट आलं होतं. भाऊजींच्या मुलानं दोघांचेही तिकडं कायमचं येण्याचे कागद करून पाठवले होते, बापाचे आणि काकूचे. शुक्रवारी संध्याकाळी बाई खडू घेऊन माझ्यासमोर आल्या. वर ठळक लिहिलं, 'आगामी प्रदर्शने'. खाली पहिलं, राहुरीच्या प्राध्यापकांची नवी जलरंगचित्रे. मग दुसरं, 'एप्रिल : पाथर्डीच्या यशोधरा यांची कोळशातील चित्रे'. त्याखाली लिहायला घेतलं, 'यानंतर हे दालन कायमचे'.

आणि थांबल्या. खडू डबीत ठेवला, हात झटकले आणि आत गेल्या.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, की सूर्य बुडाला तर बाई अक्षरही अर्धं सोडतील. एकदा 'प्रदर्शन' लिहिता लिहिता वेळ झाली, तर चोवीस तास मी नुसता 'प्रद' म्हणून टांगलेला होतो. त्यामुळं बाई का थांबल्या हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पुढं काय येणार, तेवढा पडला. शनिवारी सकाळी काकासाहेबांनी मला वाचलं. ते जागांची दलाली करतात, रिकामी जागा लांबूनही ओळखतात. भाऊजी एकदा चहा पिताना त्यांना म्हणाले होते, "हॉलाचं काय करायचं, बघू." त्या 'बघू'वर आणि माझ्या अर्ध्या ओळीवर काकासाहेबांनी अख्खा व्यवहार उभा केला. मग ती बायकांची गोष्ट झाली, मग स्टँडवरच्या चहावाल्याची, आणि चहावाल्याकडून पाथर्डीच्या जीपमध्ये बसून ती पाथर्डीला गेली.

दुपारी त्याच जीपच्या परतीच्या फेरीत यशोधरा आली.

चोवीस-पंचवीसची मुलगी, हातात चित्रांची लांब गुंडाळी साडीच्या तुकड्यात बांधलेली. तिचे आईवडील दर साल दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. शिकून ड्रॉइंग टीचर झालेली घरातली ती पहिलीच. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन एप्रिलात ठेवलं होतं, कारण तेव्हा आई फडावरून परत आलेली असते. तिनं मला वाचलं, परत वाचलं, आणि दार वाजवलं.

"मॅडम, खरंय का?"

बाई म्हणाल्या, "शब्बाथ आहे. आज कामाचं बोलत नाही मी."

"नुसतं हो का नाही सांगा."

"तेही कामाचंच झालं." आणि लगेच, "जेवलीस का?"

यशोधरा पायरीवर बसली. ती उठेना आणि बाई बोलेनात. शेवटी लंकाबाई गिरणी बंद करून पिठानं पांढरी झालेली आली, हातात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. "ए पोरी, खा आदी. बाईंचं तोंड तीन तारे दिसल्याशिवाय उघडत न्हाई. आमची सवय हाय ती." मग बाईंकडं वळून, "का वो बाई, लिहायचं न्हाई, बोलायचं न्हाई. बघायला बी बंदी हाय का?"

बाईंनी विचार केला. "बघायला नाही."

"मग मी सोडते गुंडाळी. माझं काय, मी तुमच्यातली न्हाई."

तिनं पायरीवरच चित्रं पसरली. फडावरच्या चुलीतल्या कोळशानं काढलेली. उसाच्या मोळ्या, पाचटानं शाकारलेल्या कोप्या, ट्रॅक्टरवर लादलेल्या उसावर झोपलेली माणसं. बाई चष्मा पुसून एकेक बघत होत्या. एकापाशी थांबल्या. मोळी बांधणारी बाई, आणि तिचे दोन हात चित्रभर.

"सगळं चांगलंय," बाईंचा शाळेतला आवाज आला, "पण डाव्या हाताला बोटं चारच काढलीस. एवढी घाई?"

"चारच आहेत, मॅडम. आईचा हात आहे. पाचवं कोयत्याखाली गेलं, मी सहावीत असताना."

बाई पुढं वाकल्या. चित्रातल्या हाताजवळ आपला हात नेला, लावला नाही. लंकाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि पिठाला दोष दिला.

यशोधरा तोंड धुवायला नळावर गेली तेव्हा लंकाबाई बाईंच्या जवळ सरकली. आवाज खाली, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच जाईल एवढा.

"एक इचारू का? काल सूर्य बुडाला म्हनून थांबला व्हय तुमी?"

"मग काय!"

"बाई, तुमच्या फळ्यावर सावली पडती ती माझ्या गिरणीच्या पत्र्याची. खालनं वर चढती. ती पार वरच्या ओळीला टेकली की तुमी खडू ठिवता, दहा वर्सं बगते मी. काल ती निम्म्यात बी न्हवती. पंधरा मिनिटं हुती तुमच्याकडं. पळाला तुमी."

हे मलाही ठाऊक होतं. माझ्याच अंगावरची सावली. पण फळ्याला कोण विचारतंय?

बाई पायरीवर बसल्या. "बंद लिहायचं होतं," त्या म्हणाल्या. "भाऊजींनी ठरवलंय. कागद माझेही आलेत. मी इथं एकटी मागं राहून काय करू? म्हणून लिहायला घेतलं. पण हातच पुढं जाईना गं. बत्तीस वर्षं खडू धरला, असं कधी झालं नाही."

"जावा की मग," लंकाबाई फटकन म्हणाली. "पन ऐका. इथं एवढ्या गल्लीत शनवार पाळनाऱ्या तुमी एकल्या. समद्या नगराला ठावं हाय, ज्यू बाई म्हंजे झिराडकरबाई. तिकडं समदं गावच ज्यू. तुमाला कोन इचारनार? आन समद्यांचाच शनवार म्हनल्यावर तुमचा दिवा कोन लावनार?"

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की आतून भाऊजी दचकून बाहेर आले. मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि लंकाबाईनं या खेपेला पिठाला दोष दिला नाही.

संध्याकाळी माझ्यासमोर ही गर्दी. अफवा खरी होताना बघायला माणसं वेळेवर येतात. काकासाहेब इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांत पुढं. पोरंटोरं आभाळात तारे शोधत होती. एक दिसला, दोन दिसले, तिसऱ्यावरून भांडण झालं, कारण तो विमानाचा दिवा निघाला. शेवटी खरा तिसरा दिसला आणि बाई खडू घेऊन बाहेर आल्या. पाठोपाठ भाऊजी.

"वहिनी, लिहायच्या आधी एक सांगतो," भाऊजी म्हणाले. एसटीतला आवाज कुठंतरी राहिला होता. "मला हॉलाचं काही नको. या काकासाहेबांना मी हो म्हटलेलं नाही. पण तिकडं माझ्या मुलाच्या गल्लीत रोज सकाळी दहा माणसं जमतात. सहज. कुणाला बोलवायलाही जावं लागत नाही. मला मरायच्या आधी एकदा दहातला एक म्हणून उभं राहायचंय. सात सात मोजून कंटाळलो मी."

बाईंनी उचललेला खडू खाली घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही जा, भाऊजी. खरंच जा. मला बळंच नेऊ नका, म्हणजे झालं."

"आणि इथं तुम्हाला काय झालं म्हणजे?"

"मी हाय की," लंकाबाई गर्दीतून ओरडली. "गिरणी बंद ठिवून ऐकते मी इकडचं, फुकट का?"

बाईंनी खडू टेकवला. खोडलं नाही. त्या म्हणतात, पोरांसमोर खोडणारा मास्तर कच्चा. 'यानंतर हे दालन कायमचे', आणि त्यापुढं हळूहळू अक्षरं उमटू लागली. गर्दी एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती.

"शनिवारी..."

"बंद!" काकासाहेब आनंदानं ओरडले. "बघा, मी म्हणत नव्हतो?"

"व," लंकाबाईनं वाचलं. "थांबा की वो. 'व बाकी सहा दिवस उघडे राहील.'"

काकासाहेबांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि 'एक काम राहिलं होतं' म्हणून निघून गेले. यशोधरानं चित्रांची गुंडाळी दोन्ही हातांनी बाईंच्या पुढं धरली. बाई म्हणाल्या, "सगळ्यात पुढं हाताचं चित्र लावू. आणि अगं, अंगठ्याची सावली जरा जड झालीय."

एप्रिलात तिची आई आली. मुलीच्या चित्रांपेक्षा तिला गोड पोहे जास्त आवडले, आणि आपला हात भिंतीवर बघून ती लाजून म्हणाली, "शी, एवढा मोठा कशाला काढलाय?" त्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊजी दारात उभे राहून ओरडत होते, "पुढं सरका, पुढं जागा आहे."

मेमध्ये ते अश्दोदला गेले. ते निघताना लंकाबाईनं त्यांचे जुने शर्ट मागून घेतले. "तिकडं खाकी कोन घालनार, द्या इकडं." काकासाहेब अजून सांगत फिरतात, झिराडकर कायमचे जाणार हे मीच आधी सांगितलं होतं. ते अगदी खोटं नाही. एक गेले. एक रोज सकाळी माझी धूळ झटकतात.

आता मी म्हातारा झालोय. मधोमध चीर गेलीय, डाव्या कोपऱ्यात वाळवी आहे, आणि उन्हानं रंग असा विटलाय की खडू नीट धरत नाही. लोक मला वाचतात आणि निम्म्यात वळतात. तेव्हा तुम्हाला माझी विनवणी एवढीच, की माझ्यापाशी थांबलात तर आतही या. बाहेर नुसतं नाव असतं.

आणि तुमच्यापैकी कुणी त्या अश्दोदला जाणार असेल, तर आमच्या भाऊजींना गाठा. त्यांचं पत्र आलं होतं. दहा माणसांत रोज उभा राहतो, असं लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, 'फळ्यावर सध्या काय आहे?' त्यांना सांगा, सध्या आपल्या गल्लीतल्या बायडाबाईंच्या गोधड्या आहेत. आत शिरल्यावर डावीकडची तिसरी बघायची. तिच्या मधोमध खाकी तुकडा आहे, खिशासकट शिवलेला. येणारी प्रत्येक बाई त्या खिशात हात घालून बघते. परवा आतून पाथर्डीचं एक चुरगळलेलं तिकीट निघालं. बाईंनी ते उजेडात धरून वाचलं, नीट चौघडी घातली आणि परत त्याच खिशात ठेवून दिलं.